लिंबूटिंबू नको, राज्य हवं: दिव्यांग मुलांसह वस्तीतलं मैदान कसं उभं करायचं

गल्लीतल्या खेळात सगळ्यात लहान पोराला आपण ‘लिंबूटिंबू’ करतो. तो खेळतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही, तो आऊट होत नाही, त्याच्या धावा कुणी धरत नाही. चार वर्षांच्या पोराला हे चालतं, कारण पुढच्या सुट्टीत तो मोठा झालेला असतो. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेला बारा वर्षांचा मुलगा मात्र कायमचाच लिंबूटिंबू राहतो. पुष्कळदा तेवढंही नाही, तो कट्ट्यावर बसून इतरांचे गुण मोजतो आणि मोठी माणसं त्याला ‘आमचा अंपायर’ म्हणतात.

आम्ही काही पालक आणि शिक्षक गेली सहा वर्षं एका शाळेच्या मैदानावर दर रविवारी सकाळी सगळ्या मुलांचा एकत्र खेळ घेतो. या काळात खेळ पारखायला आम्ही एकच प्रश्न ठरवलाय: या खेळात या मुलावर खरोखर राज्य येऊ शकतं का? तो हरू शकतो का? उत्तर ‘नाही’ असेल, तर खेळ बदलायचा, मुलाला नाही. पुढचं सगळं या प्रश्नाभोवतीच आहे.

आधी मुलं शोधा

‘आमच्या भागात अशी मुलंच नाहीत’ हे वाक्य तुम्हाला पहिल्या बैठकीतच ऐकू येईल. मुलं असतात, ती घरात असतात. आशाताई आणि अंगणवाडीसेविका यांना दारं माहीत असतात. समग्र शिक्षा योजनेतून तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक नेमलेले असतात. जी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत त्यांच्या घरीही ते जातात. त्यांना भेटा. फलक लावून किंवा मोबाइलवर निरोप फिरवून ही मुलं येत नाहीत. घरी जाऊन, चहा घेऊन, आईशी आणि आजीशी बोलावं लागतं. ‘त्याला काय खेळता येणार, आणि पडला तर?’ या प्रश्नाला घाईने ‘काही होणार नाही’ असं म्हणू नका. पडू शकतो. पडला तर आपण काय करू ते सांगा आणि पहिले दोन रविवार आईला मैदानावरच बसू द्या.

सुरुवात लहान ठेवा. पाच-सहा दिव्यांग मुलं आणि दहा-बारा इतर मुलं पुरेत. इतर मुलांमध्ये दिव्यांग मुलांची सख्खी भावंडं आधी घ्या. त्यांनाही रविवारी खेळायला मिळत नसतं, आणि त्यांना जे कळतं ते तज्ज्ञालाही पटकन कळत नाही. आमच्या एका मुलीला बोलता येत नाही. ती नाक चोळायला लागली की तिला आवाज सहन होत नाहीये, हे तिच्या आठ वर्षांच्या भावाने आम्हाला सांगितलं.

प्रत्येक मुलाचं एक पान करा. त्याला काय आवडतं, कशाची भीती वाटते, ‘हो’ आणि ‘नको’ तो कसं सांगतो, शू-शी लागल्याचं कसं कळतं, फिट येते का, शेवटची कधी आली, कोणती औषधं चालू आहेत. ‘काय जमत नाही’ हा प्रश्न शेवटी ठेवा. पालक वर्षानुवर्षं प्रत्येक कार्यालयात तोच प्रश्न ऐकत आलेले असतात.

डॉक्टरांकडून आधी काय विचारून घ्यायचं

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिलेत. त्या सगळ्यांचा अभ्यास करून मैदानात उतरायची गरज नाही. काही गोष्टी मात्र माहीत नसतील तर मुलाच्या जिवाशी खेळ होतो, म्हणून त्या इथे जरा विस्ताराने.

डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. त्यामुळे कोलांटी, पाण्यात सूर आणि डोक्याने फुटबॉल मारणं डॉक्टरांनी मान तपासून परवानगी देईपर्यंत बंद. या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. तेव्हा ‘हृदय तपासलंय का, दम किती लागू द्यायचा’ हेही विचारा.

स्पायना बायफिडा (पाठीचा कणा जन्मतः नीट न जुळलेला असणं) असलेल्या मुलांना रबराची म्हणजे लॅटेक्सची तीव्र ॲलर्जी असण्याची शक्यता बरीच असते. लहान मुलांचा खेळ म्हटला की आपण आधी फुगे आणतो. या मुलांसाठी फुगे नकोत, समुद्रकिनाऱ्यावर खेळतात तो प्लास्टिकचा हवेचा चेंडू आणा. त्यांच्या पायांना अनेकदा संवेदना नसते. तापलेल्या फरशीवर बसून पोळलं तरी मूल रडत नाही. खेळ संपल्यावर पाय आणि बैठक बघायला आईला आठवण करा.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार त्या २१ प्रकारांपैकी एक, आणि विदर्भात, गडचिरोलीत, नंदुरबारकडे खेळ घेणाऱ्यांना ही मुलं भेटणारच. ती बाहेरून धडधाकट दिसतात, म्हणून शर्यतीत सगळ्यात जास्त ताणली जातात. शरीरातलं पाणी कमी होणं, कडक ऊन, एकदम गारठा आणि दमछाक, यातल्या कशानेही त्यांना असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी द्यायचं, आणि ‘दमलो’ म्हटलं की थांबायचं. ‘अजून एक फेरी, शाब्बास’ हे या मुलांना म्हणायचं नाही. स्नायूंचा क्षय होणाऱ्या मस्क्युलर डिस्ट्रॉफीतही तसंच. तिथे जास्त सरावाने स्नायू बळकट होत नाहीत, उलट इजा होते. उड्या आणि उतारावरून धावणं टाळा.

कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं यंत्र) असलेल्या मुलाचं बाहेरचं यंत्र पाण्याच्या खेळाआधी काढून आईकडे द्यायचं. ते काढलं की त्याला काहीच ऐकू येत नाही, हे सगळ्या मदतनिसांना माहीत हवं.

आणि फिट. मैदानावर फिट आली तर मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली टॉवेल घाला, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. चप्पल किंवा कांदा हुंगवायला धावणारा कुणीतरी असतोच, त्याला बाजूला करा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा थांबून लगेच दुसरी आली, तर १०८ ला फोन. फिट येणारं मूल पोहत असेल तर पूर्ण वेळ त्याच्या हाताच्या अंतरावर एक मोठं माणूस हवं.

मैदान बघायला व्हीलचेअर घेऊन जा

कुणाची तरी व्हीलचेअर मागून आणा, तीत वीस किलोचं पोतं ठेवा आणि फाटकापासून स्वच्छतागृहापर्यंत ढकलत न्या. पंधरा मिनिटांत सगळं कळतं. पुढची छोटी चाकं मुरमात आणि वाळूत रुततात. म्हणून बास्केटबॉलचं सिमेंटचं मैदान असेल तर तेच निवडा. रॅम्पचा उतार एकास बारा हवा, म्हणजे एक फुटाची पायरी चढायला बारा फूट लांबी. घसरगुंडीसारखे उभे रॅम्प मी अनेक ठिकाणी बघितलेत. त्यावरून चाक वर तर जात नाहीच, खाली येताना मूल पुढे फेकलं जातं.

स्वच्छतागृह वापरता येत नसेल तर ते मैदान सोडा. मुलींच्या आया या एकाच कारणाने यायच्या बंद होतात. रस्ता, विहीर, उघडं गटार जवळ असेल तर फाटकावर एक माणूस कायम हवा, कारण स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांपैकी काही एकदम पळत सुटतात. ऊन टाळा. पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरची लोखंडी पट्टी आणि व्हीलचेअरची दांडी तापली की चटका देते. उन्हाळ्यात साडेसहा ते साडेसात ही वेळ बरी.

शाळेचं मैदान मागायला जाल तेव्हा मुख्याध्यापकांशी कायद्याच्या भाषेत सुरुवात करू नका. पण माहिती जवळ असू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम १६ नुसार शाळांनी दिव्यांग मुलांना खेळाची आणि करमणुकीची इतरांइतकीच संधी द्यायची आहे. कलम ३० खेळांतल्या सहभागाबद्दलच आहे. आम्हाला एका शाळेने ‘विमा कोण घेणार’ एवढं विचारून परत पाठवलं होतं. दुसऱ्या शाळेने मैदान आणि फक्कीचं पोतं दोन्ही दिलं.

मदतनीस

आठवी-नववीची मुलं-मुली उत्तम मदतनीस होतात, महाविद्यालयीन स्वयंसेवकांपेक्षाही, कारण त्यांना खेळायचंच असतं. त्यांना तासाभरात तीन गोष्टी शिकवा. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि व्हीलचेअर हा त्या मुलाच्या शरीराचाच भाग समजायचा. बोलायचं ते मुलाशी, त्याच्या डोक्यावरून आईशी नाही. आणि मूल चेंडू उचलायला धडपडत असेल तर मनात दहापर्यंत मोजायचं. हे दहा आकडे सगळ्यांनाच जड जातात, मलाही.

सुरक्षेचा एक नियम मोडायचा नाही: कोणतंही मोठं माणूस कोणत्याही मुलासोबत एकटं, नजरेआड असणार नाही. स्वच्छतागृहात पालकच नेतील. पालक नसतील तर दोघांनी मिळून. ज्या मुलाला सांगता येत नाही त्याच्या बाबतीत हा नियम अधिकच काटेकोर. फोटो पालकांनी लेखी होकार दिला तरच.

खेळ कसा बदलायचा

खेळाच्या चार चाव्या असतात: जागा, काम, साहित्य, माणसं. एका वेळी एकच चावी फिरवा, खेळून बघा, मग दुसरी. सगळं एकदम सोपं केलं की खेळातली मजा जाते आणि मुलांना ते लगेच कळतं.

लगोरी घेऊ. आमचा सगळ्यात यशस्वी खेळ हाच.

सात दगड जमिनीवर रचलेले असतात. व्हीलचेअरवरच्या मुलाला तिथपर्यंत वाकता येत नाही, म्हणून रास चौरंगावर किंवा प्लास्टिकच्या स्टुलावर ठेवा. दगडांऐवजी नारळाच्या करवंटीएवढे रुंद लाकडी ठोकळे घ्या. बोटं आखडलेल्या मुलाला ते तळहाताने ढकलून रचता येतात. नेम धरायची रेघ सगळ्यांना एकच नको. फक्कीने तीन रेघा आखा आणि आपली रेघ मुलानेच निवडायची. एका मुलाने पहिल्याच दिवशी सगळ्यात लांबची रेघ निवडली, सहा वेळा चुकला आणि तरी पुढे यायला तयार नव्हता. त्याला पुढे आणायला धावलेल्या दादाला आम्ही अडवलं.

दृष्टिहीन मुलासाठी राशीच्या मागे उभं राहून कुणीतरी ठोकळ्यावर ठोकळा वाजवायचा, नेम आवाजावर. चेंडू प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला की घरंगळताना सळसळतो, कुठे गेला ते कळतं. कर्णबधिर मुलांसाठी शिट्टीबरोबर लाल फडकं वर करा. खरं तर शिट्टीच सोडून द्या. सेरेब्रल पाल्सीच्या काही मुलांचं अंग अचानक आवाजाने ताठरतं, आणि स्वमग्न मुलं कान झाकून बसतात. फडकं सगळ्यांनाच चालतं.

आता चेंडू मारून आऊट करणं. चेंडू मोज्यांचा करा, म्हणजे लागत नाही. मारणाऱ्या संघाने मारण्याआधी आपसात तीनदा चेंडू फेकायचा, असा नियम केला की वॉकर घेऊन चालणाऱ्या मुलीला राशीपर्यंत पोहोचायला वेळ मिळतो. वाढलेला वेळ तिच्या एकटीसाठी नसतो, सगळ्यांसाठी असतो. मात्र पोहोचायला उशीर झाला तर ती आऊट. इथे कुणी ‘जाऊ दे, तिला राहू दे’ म्हणालं की ती पुन्हा लिंबूटिंबू झाली.

विषामृतात दृष्टिहीन आणि डोळस मूल एका रुमालाची दोन टोकं धरून जोडीने पळतात. मैदानी शर्यतीतले दृष्टिहीन धावपटू सोबत्याच्या हातातली दोरी धरून असंच धावतात. लंगडी मात्र तोल न सांभाळता येणाऱ्या मुलांसाठी मी घेत नाही. त्याऐवजी ज्याच्यावर राज्य त्याने बसून सरपटत पकडायचं, मग तो कुणीही असो.

क्रिकेटसाठी नवं काही शोधायला नको. दृष्टिहीनांच्या क्रिकेटमध्ये कडक प्लास्टिकच्या चेंडूत छर्रे असतात, गोलंदाजी हात खाली ठेवून, आणि गोलंदाज आधी ‘रेडी?’ विचारतो, फलंदाज ‘येस’ म्हणतो, मग ‘प्ले’ म्हणून चेंडू सुटतो. गल्लीत हाच नियम सगळ्यांना लावा. नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताच्या दृष्टिहीन महिला संघाने पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. मुलींना हे आवर्जून सांगा.

ज्यांना हातही नीट हलवता येत नाही त्यांच्यासाठी बोचिया आहे. १९८४ पासून तो पॅरालिम्पिकमध्ये खेळला जातो. एक पांढरा चेंडू आधी टाकायचा, मग सहा लाल विरुद्ध सहा निळे. ज्याचा चेंडू पांढऱ्याच्या जवळ, त्याला गुण. खरा चेंडू साधारण २७ सेंटिमीटर घेराचा आणि पावणेतीनशे ग्रॅमचा असतो. आम्ही जाड कापडात ज्वारी भरून तसेच शिवून घेतले, पण घसरपट्टीवरून सोडायला ते उपयोगाचे नाहीत, तिथे घट्ट रबरी चेंडू लागतो. घसरपट्टी म्हणजे ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप उभा चिरून केलेली पन्हळ. मूल नजरेने किंवा मानेने ‘डावीकडे, अजून, थांब’ सांगतं, मदतनीस पन्हळ वळवतो आणि चेंडू मूल स्वतः सोडतं, हनुवटीने का होईना. या प्रकारातला अधिकृत नियम मला फार मोलाचा वाटतो: मदतनिसाने मैदानाकडे पाठ करून बसायचं, वळून बघायचं नाही. नेम मुलाचा, चूक मुलाची. आमच्याकडे एका बाबांना पाठ फिरवून बसणं तीन रविवार जमलं नाही. चौथ्या रविवारी मुलानेच त्यांना खुणेने वळायला सांगितलं.

एक रविवार असा

तासाभराचा खेळ पुरतो. पहिली दहा मिनिटं सगळे गोलात, नाव घेऊन चेंडू फेकणं. दर आठवड्याला हीच सुरुवात ठेवा, कारण स्वमग्न मुलांना ओळखीच्या क्रमाचा आधार वाटतो. पुठ्ठ्यावर आजच्या खेळांची चित्रं ओळीने लावा आणि खेळ संपला की ते चित्र मुलाच्याच हाताने काढून टाका. मग वीस मिनिटं मुख्य खेळ, पाणी, पुन्हा वीस मिनिटं दुसरा खेळ किंवा दोन छोटे गट. शेवटी पुन्हा गोल. कोपऱ्यात झाडाखाली चटई टाकून ठेवा. गोंगाट सहन न झालेलं मूल तिथे जाईल आणि आपण होऊन परत येईल. त्याला आणायला जायचं नाही.

संघ मुलांना पाडू देऊ नका. दोन कप्तानांनी एकेक नाव घेत निवडायचं आणि शेवटी कोण उरतं ते सगळ्यांनी बघायचं, ही पद्धत कुठल्याच मुलासाठी बरी नाही. रंगीत फडकी वाटा.

‘हे चीटिंग आहे’ ही ओरड दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात होतेच. ती दाबू नका. मुलांना खाली बसवा आणि विचारा, ‘मग नियम काय करू या?’ मोठ्यांपेक्षा मुलं चांगले नियम करतात. तीन फेकींचा नियम एका दहा वर्षांच्या मुलाने सुचवलेला आहे, आणि तो दिव्यांग मुलांसाठी नव्हता. त्याच्या संघाला नीट पांगायला वेळ हवा होता.

पैसा

सुरुवातीला फार लागत नाही. फक्की, सुतळी, मोजे, ठोकळे, पाइप, प्रथमोपचाराची पेटी, पाण्याचा पिंप. खर्च येतो तो ने-आण करण्याचा. रिक्षाचं भाडं परवडत नाही म्हणून मुलं गळतात. आधी त्यासाठी पैसे उभे करा, गणवेश आणि फलक नंतर. ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महापालिकांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत किंवा नगरसेवकांकडे लेखी अर्ज द्या, सोबत मुलांची संख्या आणि नेमकी मागणी: इतक्या फुटांचा रॅम्प, इतक्या फेऱ्यांचं रिक्षाभाडं. व्हीलचेअर, कॅलिपर, श्रवणयंत्र यांसाठी केंद्राची ॲडिप योजना आहे. त्यासाठी आणि इतर सवलतींसाठी मुलाचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढलेलं असू द्या. नसेल तर तो अर्ज भरायला त्या घराला मदत करा.

ज्यांना स्पर्धेत उतरायचंय

सगळ्यांना उतरायचं नसतं, आणि पालकांच्या हौसेसाठी कुणाला ढकलू नये. पण एखाद्या मुलाचे डोळे चमकायला लागले तर वाट दाखवता आली पाहिजे. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी स्पेशल ऑलिम्पिक्स भारत ही संस्था आहे. तिथे आठव्या वर्षापासून स्पर्धेत भाग घेता येतो आणि ‘युनिफाइड’ प्रकारात दिव्यांग आणि इतर खेळाडू एकाच संघातून खेळतात. शारीरिक आणि दृष्टीच्या दिव्यांगत्वासाठी पॅरा खेळांच्या राज्य आणि राष्ट्रीय संघटना आहेत. २०२३ पासून खेलो इंडिया पॅरा गेम्सही सुरू झालेत. तिथे आधी वर्गीकरण होतं, म्हणजे कुणाची स्पर्धा कुणाशी हे तज्ज्ञ तपासून ठरवतात. त्यासाठी वैद्यकीय कागद जपून ठेवा.

मुलांना माणसं दाखवायची तर लांब जायला नको. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवलं, ते सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. त्याच जिल्ह्यातल्या आटपाडी भागातल्या सचिन खिलारी यांचा हात लहानपणी सायकल अपघातात जायबंदी झाला. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य मिळवलं. आमच्या मुलांनी हे अंतर फक्कीने मैदानावर आखून बघितलं, एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाकडे बराच वेळ पाहिलं, आणि मग ज्वारीचा चेंडू तिथपर्यंत जातो का ते बघायला रांग लावली.

पावसाळा

जूनमध्ये मैदान बंद होतं आणि बरेच गट तिथेच मोडतात. शेवाळावर कुबडीचं रबर घसरतं, म्हणून उघडीप दिसली तरी मैदानात जाऊ नका. मे महिन्यातच समाजमंदिर किंवा शाळेचा हॉल ठरवून ठेवा. आत बसून खेळायचा व्हॉलीबॉल उत्तम जमतो. दहा बाय सहा मीटरचं मैदान, सगळे जमिनीवर बसलेले, जाळी सव्वा मीटरपेक्षा खालीच. दोन खांबांना सुतळी बांधली तरी चालते. व्हीलचेअरवरून उतरता येणाऱ्या मुलांनी खाली बसायचं. ज्यांना उतरता येत नाही त्यांच्यासाठी बाजूला बोचिया. जमिनीवर सुतळी ठेवून वर चिकटपट्टी लावली की रेघ हाताला लागते, मग डोळ्यांवर पट्ट्या बांधून सगळ्यांचा गोलबॉल: तीन-तीन जणांचे संघ, घुंगरू घातलेला चेंडू जमिनीवरून घरंगळवत समोरच्या संघाच्या गोलात टाकायचा, आणि चेंडूचा आवाज ऐकू यावा म्हणून बघणाऱ्यांनी पूर्ण शांत राहायचं. पट्टी बांधल्यावर डोळस मुलं पहिली दहा मिनिटं भिंतीला चिकटून उभी राहतात. त्या दिवशी कुठे उभं राहायचं, हात कसे पसरायचे, हे दृष्टिहीन मुलांना शिकवू द्या. तेच कप्तान.